मास्टर चावी आणि दसऱ्याचं तेल

दुकानात गिऱ्हाईक एकटं असलं आणि आजूबाजूला कुणी नाही याची खात्री झाली, की ते काउंटरवर झुकतं आणि हळूच विचारतं, "रशीदभाऊ, तुमच्यापाशी ते मास्टर की असते म्हन्तेत, खरं काय?" विचारणारा शाळामास्तर असो, कापसाचा व्यापारी असो की पोरीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आलेला शेजारी, डोळ्यांत चमक तीच असते. त्यांना वाटतं, माझ्या गल्ल्याखाली लाल फडक्यात गुंडाळलेली एक चावी आहे आणि ती दाखवली की यवतमाळ जिल्ह्यातलं कुठलंही दार सलाम ठोकून उघडतं. पूर्वी मी चिडायचो. "असती तं मी इथं तुमच्या आलमारीची चाबी घासत बसलो असतो काय?" असं फटकन बोलायचो. आता वय झालं, गुडघे बोलायला लागले, म्हणून चिडणं कमी केलं आहे. बंद केलेलं नाही.

तर एकदाच सगळ्यांना सांगून टाकतो, म्हणजे काउंटरवर झुकायचा तुमचाही त्रास वाचेल. मास्टर चावीत काही जादू नसते. ती इतर चाव्यांसारखीच पितळेची एक पट्टी. सगळी करामत कुलपात असते, आणि ती कुणीतरी बसून, चष्मा लावून, चिमट्यानं एकेक तुकडा उचलून आत भरलेली असते. आमच्या भागात तो कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा मी.

दारात बसवलेल्या कुलपाचं पोट उघडलं तर आत एक पितळी नळकांडं दिसतं. चावी त्यात जाते आणि ते चावीबरोबर फिरतं. ते फिरलं की कुलूप उघडलं. भलत्या चावीनं ते फिरू नये म्हणून त्यात वरून पिनांची एक रांग घुसलेली असते आणि प्रत्येक पिनेच्या डोक्यावर एक बारीक स्प्रिंग तिला खाली दाबत असते. पिन अखंड नसते, एकावर एक ठेवलेले दोन तुकडे असतात. बरोबर चावी आत गेली की तिचे दाते प्रत्येक पिनेला नेमकं इतकंच उचलतात, की दोन तुकड्यांमधली फट नळकांड्याच्या कडेशी येऊन थांबते. खालचा तुकडा आत, वरचा बाहेर, मधे आडवं काही नाही. नळकांडं फिरतं. एक पिन जरी केसभर वरखाली राहिली तरी फिरत नाही.

आता समजा एकच कुलूप दोन वेगळ्या चाव्यांनी उघडायला हवं. मग त्या दोन तुकड्यांच्या मधे एक पातळ चकती घालायची. नसीम, म्हणजे माझी बायको, तिला टिकली म्हणते, आणि तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव टिकलीच. टिकली घातली की पिनेला एकाच्या जागी दोन फटी मिळतात. एक फट खोलीच्या चावीनं कडेशी येते, दुसरी मास्टर चावीनं. खोलीच्या चावीची फट प्रत्येक कुलपात वेगळी ठेवायची, मास्टरची सगळीकडे एकसारखी. झालं. ज्याची त्याची चावी ज्याचं त्याचं दार उघडते आणि एक चावी सगळ्यांची दारं उघडते.

पण या दुनियेत फुकट काही मिळत नाही, कुलपातही नाही. टिकल्या जितक्या जास्त, कुलूप तितकं भोळं. कधी कधी भलत्याच खोलीची चावी त्याला आपली वाटते, म्हणून मला आधी कागदावर बराच हिशेब मांडावा लागतो. शिवाय टिकल्या जितक्या जास्त, कुलूप तितकं नाजूक. आत काही चिकट गेलं की आधी टिकलीच अडकून बसते. म्हणून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो, कुलपात तेल नको, पेन्सिलीच्या शिशाची भुकटी फुंकरीनं घाला. लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन खोबरेल ओततात. आपल्याकडे तेल ही मायेची गोष्ट आहे. बाळाला तेल, मारुतीला तेल, कुरकुरणाऱ्या दाराला तेल. कुलपानंच काय पाप केलं, असा त्यांचा विचार.

या कामात मी एक नियम मात्र पहिल्यापासून पाळला. जिथं मास्टर चावी बसवायची, तिथं ज्यांची ज्यांची दारं आहेत त्या सगळ्यांना आधी तोंडावर सांगायचं. गुपचूप बसवणार नाही. या नियमापायी माझी कामंही गेली. कळंबचे एक काका होते, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. तीन मुलं, तीन सुना, वर बांधलेला नवा मजला. त्यांना सगळ्या खोल्या आपल्या एका चावीनं उघडायला हव्या होत्या.

"घर माह्यं आहे, रशीदभाई. दारं माह्यी आहेत. मंग उघडाले दुसऱ्याची परवानगी काहून लागते?"

"लागत नाही काका. पन मी समद्यायले सांगून बसवतो. आवाज द्या सगळ्यायले."

काकांनी नाइलाजानं सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं. मी आता तुम्हाला सांगितलं तसं टिकल्यांचं प्रकरण समजावून सांगितलं. मुलं फोनमध्ये बघत बसली. मधली सून मात्र लक्ष देऊन ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि विचारलं, "भाऊ, ह्याच्यात बाबायची खोली पन येते काय? म्हंजे एक मास्टर माह्यापाशी ठेवली तं त्यायचीबी उघडन?"

"उघडन ना," मी म्हटलं. "कुलपाले सासरा-सून समजत नाही."

काकांनी मला चहा पाजला, वर चिवडा दिला आणि म्हणाले, पाहू दिवाळीनंतर. त्यानंतर बऱ्याच दिवाळ्या झाल्या. काका भेटतात, तब्येत विचारतात, कुलपाचं नाव काढत नाहीत.

हे झालं गमतीचं. पण एक दसरा असा गेला, की अजून झेंडूचा वास आला की आधी तोच आठवतो. तो सांगण्यासाठीच हा सगळा पसारा मांडला.

यवतमाळात मुलींचं एक खासगी वसतिगृह आहे. नावाची गरज नाही. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेल्या मुली तिथं राहतात. तिथला रोजचा कारभार सुमनबाई पाहतात. स्वयंपाक, झाडलोट, मुलींची भांडणं, तापाच्या गोळ्या, सगळं त्याच. साऱ्या मुलींच्या त्या मावशी. जुनी लाकडी दारं उधईनं खाल्ली, म्हणून संस्थेनं जाड लोखंडी पत्र्याची दारं बसवून घेतली आणि कुलपांचं काम माझ्याकडे आलं. बाहेरून चावी, आतून बोटानं फिरवायची खिटी. प्रत्येक मुलीला तिची चावी आणि मास्टर सुमनबाईंकडे. मी एकच अट घातली, की आतून कडी ठेवायची नाही. आतून कडी लागली, तर बाहेर मास्टर चावी घेऊन उभा राहिलेला माणूस नुसता उभाच राहणार.

नियमाप्रमाणे मुलींना गोळा करून सांगितलं, तेव्हा मोठी कुरबुर झाली. मागं भिंतीला टेकून उभी असलेली एक उंच, काटकुळी मुलगी फार तावातावानं बोलली. तिचं नाव रेणुका, मुकुटबनची.

"मंग ह्या कुलपाचा फायदा काय, काका? आम्ही अंदर अन् बाहेरून दुसरंच कोनी उघडन!"

"दुसरं कोनी नाही. फक्त मावशी. तू अंदर पडली-झडली तं कोन उघडन?"

"मी कायले पडन?"

तिच्या वयात मीही हेच म्हटलं असतं. मी हसलो, ती हसली नाही. पण कड्या निघाल्या आणि कुलपं बसली.

त्या वर्षी दसऱ्याला मी आणि नसीम यवतमाळपासून लांब, ढाणकीला होतो. आमची मुलगी शाहीन तिथं दिली आहे. दसऱ्याला माझं दुकान बंदच असतं. शेजारचा फ्रेमवाला आपल्या दुकानासाठी हार आणतो तेव्हा एक जास्तीचा आणतो आणि खंडेनवमीला माझ्या चावी कापायच्या मशीनला घालतो. मी नको म्हणत नाही, मशीनही म्हणत नाही. त्या दिवशी बाजारात कुणाचंच हत्यार चालत नाही. सुताराची करवत, लोहाराचा हातोडा, वेल्डिंगवाल्याचं मशीन, सगळे हार घालून बसलेले. मला तो रिवाज आवडतो. वर्षभर घासून घेतलेल्या वस्तूला दोन दिवस कुणी हात लावू नये, यात माणुसकी आहे.

दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. फोन वाजला. सुमनबाई. मला वाटलं, दसऱ्याच्या शुभेच्छा.

"रशीदभाऊ, पोट्टी अंदर हाये अन् दार उघडूनच नाही राह्यलं! मास्टर अंदर जाते, पन फिरत नाही!"

"कोनती पोट्टी? हळू सांगा."

"रेणुका वो, मुकुटबनची! समद्या पोट्ट्या घरी गेल्या, हे एकटीच मांगं राह्यली, परीक्षा हाये म्हने. जेवाले बलवाले गेली तं आवाज देत नाही. खिडकीच्या जाळीतून पाह्यलं तं खाटेपाशी खाली पडली हाये. कन्हून राह्यली नुसती. तिले शुगर हाये भाऊ, रोज सुई घेते ते!"

माझा घास हातातच राहिला. रोज इन्सुलिनची सुई घेणाऱ्या मुलीची साखर अशी एकदम उतरली, तर वेळ किती कमी असतो हे मला माहीत होतं. माझी धाकटी बहीण त्यातून थोडक्यात वाचलेली आहे. सुमनबाईंनी अँब्युलन्सला फोन केला होता. देवीच्या मिरवणुकीनं रस्ते अडले आहेत, येतो आहोत, असं उत्तर मिळालं होतं. पण अँब्युलन्स आली तरी दार कोण उघडणार? लोखंडी दार, चौकट भिंतीत गाडलेली, खिडकीला जाळी. कापायला वेल्डिंगवाला पाहिजे आणि जवळचा वेल्डिंगवाला मशीनला हार घालून सासुरवाडीला गेलेला. रेणुकाची स्वतःची चावी तिच्याजवळ, आत. संस्थेच्या मॅडम बाहेरगावी. आणि मी ढाणकीत, हातात वरणभाताचा घास.

"कुलपात काही टाकलं काय?" मी विचारलं.

त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "काल खंडेनवमी होती ना भाऊ. समद्या कुलपायची पूजा केली. तेल टाकलं, हळद-कुकू वाह्यलं. एवढ्या पोट्ट्यायले राखते म्हनून चांगलं भरभरून टाकलं."

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. घरातली सगळी माणसं जेवायची थांबली. तिकडून सुमनबाईंचं रडणं आणि चावीची खडखड एकत्र ऐकू येत होती. मी ओरडलो की ती खडखड वाढायची. मला ते कळत होतं आणि तरी तोंड थांबत नव्हतं.

नसीमनं माझं मनगट धरलं. "चिल्लाओ मत जी," ती म्हणाली. "आप चिल्लाते तो उसका हाथ और सख्त होता."

इतकी वर्षं कुलपांत घालवली मी आणि त्या क्षणी कामाची गोष्ट सुचली ती तिला. कारण आतलं दुखणं नेमकं तेच होतं. पिनांना वर ढकलायचं काम चावी करते आणि ते ती खात्रीनं करते. पण खाली यायचं काम स्प्रिंगचं. स्प्रिंग म्हणजे केसाइतकी बारीक तार, तिच्यात जीव तो किती. तेल आणि कुंकवाचा आत चिखल झाला होता, त्यात टिकल्या वरच चिकटून अडल्या होत्या आणि स्प्रिंगला त्या खाली आणता येत नव्हत्या. अशा वेळी माणूस काय करतो? जोर लावतो. जोर लावला की नळकांडं टिकल्यांना आणखी चिमटीत धरतं. जितका जीव तोडून फिरवाल तितकं कुलूप घट्ट. सुमनबाई जीव तोडून फिरवत होत्या.

"चाबी वाकडी होऊन राह्यली भाऊ," त्या म्हणाल्या.

चावी आत तुटली, तर संपलं.

मी उठून अंगणात गेलो. श्वास घेतला. आणि मग मी बोललो ते इतक्या हळू, की शाहीन नंतर म्हणाली, अब्बा कुणाशी बोलतायत तेच कळेना.

"सुमनबाई, आइका. हात सोडा. चाबी सोडून द्या. झालं? आता सरळ बाहेर काढा. फिरवू नका, नुसती ओढा. पदरानं पुसा."

"लाल लाल लागलं हाये."

"लागू द्या. थोडं पेट्रोल भेटन काय? आतला चिकटा धुवाचा हाये."

"पेट्रोल कुठून आनू भाऊ? इथं कोनाची गाडी नाही, बाहेर चिटपाखरू नाही." मग एकदम, "नखपालिश काढाचं पानी चालते काय? पोट्ट्यायचं? न्हानीच्या फळीवर हाये एक बाटली. फेकून देईन म्हनून रोज वरडते मी."

चालणार होतं. पेट्रोलपेक्षा चांगलं चालणार होतं. पण कुलपाच्या तोंडात ते घालायचं कशानं? चमच्यानं सगळं बाहेर सांडलं असतं. सुमनबाईंचं मोतिबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. त्यांनीच सांगितलं, डोळ्यात टाकायच्या औषधाची बाटली आहे, थेंब थेंब पडते. त्यांनी ती रिकामी केली, त्यात ते पाणी भरलं. फोन स्पीकरवर करून जाळीच्या कट्ट्यावर ठेवला. मला त्यांच्या बांगड्यांचा आवाज येत होता आणि मधून मधून, लांबून, मुलीचं कण्हणं. मग एकदा ते कण्हणंही थांबलं.

"भाऊ, पोट्टी आता आवाजच करत नाही."

"तुमी तिकडे पाहू नका. माह्या आवाजाकडे ध्यान द्या. थेंब सोडा. आजून सोडा. आता चाबी अंदर-बाहेर, अंदर-बाहेर. फिरवाचं नाही. पुसा. काय निंगालं?"

"कुकवाचा गारा निंगून राह्यला. तांदळाचा दानाबी निंगाला, अक्षदाचा."

"निंगू द्या. आजून थेंब सोडा. हातात काही लाकडाचं हाये काय?"

"लाटनं हाये. पोळ्या लाटत होती ना."

"चाबी पूर्ण अंदर टाका. आता लाटन्याच्या मुठीनं कुलपाच्या तोंडावर टकटक करा. जोरात नाही. झोपल्या मान्साले उठवतो तशी. अन् दुसऱ्या हातानं चाबी नुसती धरा. दोन बोटानं. पीठ चिमटीत धरता तशी."

टक टक टक. टिकल्यांना जागं करायचं, म्हणजे त्या आपल्या जागी खाली उतरतात. अंगणात उभा राहून माझीही बोटं हवेत चावी धरून होती. नसीम शेजारी उभी होती, ओठ हलत होते.

"आता फिरवा. हळूच."

"नाही फिरत."

"काही नाही. सोडा. परत थेंब. परत पुसा. परत टकटक."

"भाऊ, माह्या हातून पाप झालं. देवाचं कराले गेली अन्..."

"तुमी पूजा केली, पाप नाही केलं. मी ओरडलो ते चुकलं. टकटक करा. हात ढिला सोडा. आजून ढिला. आता बोटानं इचारा त्या चाबीले, फिरते काय म्हनून."

मी देवाकडे आयुष्यात फार मागितलं नाही. धंदा चालला, पोरगी चांगल्या घरी गेली, मी गप्प राहिलो. त्या दिवशी ढाणकीच्या अंगणात उभा राहून मी फक्त एक आवाज मागितला. कुलूप फिरल्याचा तो छोटासा 'खट्', जो मी रोज ऐकतो आणि ज्याच्याकडे कधी लक्ष देत नाही.

तो आला.

लाटणं खाली पडल्याचा आवाज आला, लोखंडी दार भिंतीवर आपटल्याचा आला आणि मग नुसतीच पळापळ. सुमनबाई फोन विसरल्या. मी "हॅलो, हॅलो" करत राहिलो. स्वयंपाकघराकडे पळत गेलेली पावलं ऐकू आली, पळत परत आलेली ऐकू आली. "तोंड उघड माय. उघड व. चाट थोडं. गिळू नोको एकदम, चाट. ह्या गालात ठेवली पाह्य साखर. हो माय. हो." मग बराच वेळ नुसता चुळबुळीचा आवाज. मी फोन कानाला इतका दाबून धरला होता, की कान दुखायला लागला.

आणि मग एक मुलीचा आवाज, झोपेतून उठल्यासारखा, कुरकुरीचा.

"नोको मावशी... उपास हाये माह्या..."

"उपास? कायचा उपास?"

"नवरात्राचा."

सुमनबाईंचा आवाज असा कडाडला, की तो फोनशिवायही ढाणकीपर्यंत आला असता. "नऊ दिवसायपासून उपाशी हायेस अन् वरून सुया घेऊन राह्यली? मले एका शब्दानं सांगतलं नाही? रोज ताट झाकून वर नेत होती ते कोनाले घालत होती व? कुत्र्याले? दसरा हाये आज! सुटला उपास! देवी गेली गावाले! खाय मुकाट्यानं!"

इकडे अंगणात सगळे हसले. शाहीनची सासू हसली, जावई हसला. मी हसायला गेलो आणि रडायलाच लागलो. अंगणात, सगळ्यांसमोर, या वयात. नसीमनं डोक्यावर दुपट्टा ओढून अल्लाचे आभार मानले, मग मला पाणी दिलं आणि म्हणाली, आता भात खा, गार झाला. तो गार भात मी खाल्ला. त्याइतका गोड घास मी नंतर कधी खाल्ला नाही.

अँब्युलन्स आली, सलाइन लागलं आणि दुसऱ्या दिवशी रेणुका दवाखान्यात उठून बसली. डॉक्टरांनी उपासाबद्दल तिला जे काही ऐकवलं, ते सुमनबाईंच्या मानानं सौम्यच असणार. मुकुटबनहून तिची आई आली आणि तिला काही दिवस घरी घेऊन गेली.

मी ढाणकीहून परतलो तो थेट वसतिगृहात. एकेक कुलूप उतरवलं, पोटं उघडली, टिकल्या धुतल्या, पुसल्या, परत भरल्या. कुंकू असं बसलं होतं, की माझी बोटं दोन दिवस लाल होती. माझी बरीचशी जिंदगी टिकल्यांत गेली. आताची मोठी हॉटेलं कार्डावर उघडतात, पोरं फोनवर उघडतात, आणि माझ्यानंतर हे काम करणारं घरात कुणी नाही. त्याचं वाईट वाटतं. पण त्या दोन दिवसांत मला माझ्या कामाचा जितका अभिमान वाटला, तितका कधी वाटला नव्हता.

शेवटचं कुलूप रेणुकाच्या खोलीचं, ते ती घरून परतायची होती त्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं. ते बसवून झालं तेव्हा सुमनबाई आल्या आणि त्यांनी मास्टर चावी माझ्यासमोर धरली. नवीन करून दिलेली, सरळ, चकचकीत.

"हे मॅडमले देऊन टाका भाऊ. मले नोको. हातात धरली का हात कापते माह्या."

"अवो, तुमच्याच हातानं उघडलं ना ते."

"माह्याच हातानं बंद बी झालतं. नोको म्हन्लं ना."

मी त्यांना समजावत होतो, त्या मान हलवत होत्या. तेवढ्यात जिन्यावरून रेणुका आणि तिची आई आल्या, हातात पिशव्या घेऊन. बहुधा त्यांनी सगळं ऐकलं असावं. रेणुका अजून फिकट होती. तिनं आईच्या हातातली एक पिशवी घेतली, आम्हाला ओलांडून खोलीत गेली आणि लोखंडी दार लावून घेतलं. आतून खिटी फिरल्याचा आवाज आला.

आम्ही तिघं बाहेर उभे.

"मावशी," आतून आवाज आला, "उघडा."

"अव, कायले चावटपना करून राह्यली? उघड दार!"

"मी नाही उघडत. तुमी उघडा."

सुमनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी माझी हत्यारं गोळा करायला लागलो. रेणुकाच्या आईनं पिशव्या खाली ठेवल्या. बाहेर रस्त्यावरून एक ऑटो गेला. आतून काहीच आवाज नव्हता, आणि तो नव्हता म्हणूनच सुमनबाईंचा चेहरा पांढरा पडत चालला.

त्यांनी चावी लावली. चावीचं टोक कुलपावर वाजत होतं. मग त्यांनी डोळे मिटले, खांदे ढिले सोडले, दोन बोटांत चावी धरली आणि फिरवली.

दार उघडलं. रेणुका खाटेवर मांडी घालून बसली होती. पुढ्यात आईनं दिलेला डबा उघडा, हातात भाकर, गाल घासानं फुगलेला.

"या मावशी," ती तोंडात घास ठेवूनच म्हणाली, "जेवाले बसा."